घोडा परदेशात रेसला न्यायचाय? चारा, पाणी आणि तबेल्याचं सगळं, एका इंदूरकराच्या वहीतून

सकाळी राजेंद्रनगरला पोह्यांच्या गाडीवर उभा असलो की हमखास कोणीतरी विचारतंच, काका, घोडा विमानात बसतो की उभा राहतो? उभाच राहतो हो. तीन घोडे शेजारी शेजारी मावतील असा एक भलामोठा डबा असतो, त्याला जेट स्टॉल म्हणतात, घोडे त्यात खालीच भरतात आणि मग डबा घोड्यांसकट लिफ्टने वर चढवून विमानात सरकवतात. बस, लोकांची उत्सुकता इथेच संपते. खरं सांगायचं तर विमान हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, तिथे करण्यासारखं फार नसतंच. घोडा बिघडतो तो चाऱ्यापायी, पाण्यापायी आणि अनोळखी तबेल्यातल्या पहिल्या तीन रात्रींत.

मी महूच्या व्हेटर्नरी कॉलेजातून बाहेर पडलो, काही वर्षं पुण्या-मुंबईच्या तबेल्यांत काढली आणि मग आखातात एका मोठ्या तबेल्यात अकरा वर्षं फीड आणि ट्रॅव्हल हेच बघितलं. आता इंदूर-देवासची दोन-तीन पोरं त्याच कामाला निघालीयेत, सारखे फोन करतात, प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतातून थेट घोडा उचलून युरोपात नेणं सोपं नाही, ग्लँडर्ससारख्या (घोड्यांचा जीवघेणा संसर्ग) रोगांमुळे युरोपचे दरवाजे आपल्या घोड्यांना बंद राहिलेत. आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला २०२३ च्या हांगझोउ एशियन गेम्समध्ये ड्रेसाजच्या (घोड्याकडून ठरलेल्या चाली करवून घ्यायची स्पर्धा) गोल्ड मेडल टीममध्ये होती ना, तिचा चिन्स्कीसुद्धा युरोपातच राहून तयार झालेला घोडा. आता २०२५ मध्ये मेरठच्या आर्मीच्या आर.व्ही.सी. (रिमाउंट व्हेटर्नरी कोअर) सेंटरमध्ये देशातलं पहिलं रोगमुक्त कंपार्टमेंट, म्हणजे घोडे रोगांपासून वेगळे ठेवायची जागा, मान्य झालंय, त्यामुळे पुढे मार्ग मोकळा होईल. क्वारंटाइनचा हा जाच आपल्यालाच आहे असं नाही. १९५६ चं ऑलिंपिक मेलबर्नला झालं पण घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला घ्याव्या लागल्या आणि २००८ ला बीजिंगच्या ऑलिंपिकचे घोडे हाँगकाँगच्या एसी तबेल्यांत होते, दोन्ही वेळा कारण तेच, रोगराईचे नियम. तर तुम्ही ज्या तबेल्यात कामाला लागाल तिथून घोडे बाहेर जातील असं धरून पुढचं वाचा.

तीन आठवडे आधी: तिकडचा चारा इकडेच सुरू करा

नवीन माणूस पहिली चूक हीच करतो, त्याला वाटतं आपला चारा भरून नेऊ म्हणजे घोड्याला घरच्यासारखं वाटेल. विचार चांगला आहे पण बॉर्डरवर टिकत नाही. ऑस्ट्रेलियात तर गवताची काडी आत जात नाही, विमानात उरलेला चारा आणि खालचं बेडिंग उतरल्या उतरल्या नष्ट करतात. इतर ठिकाणीही काय चालेल आणि काय नाही हे क्वारंटाइनवाल्यांकडून लेखी घेतल्याशिवाय एक गोणीसुद्धा पॅक करू नका. म्हणून मी उलटं करतो. तिकडे कुठलं गवत मिळणार, कुठला ओट, कुठल्या कंपनीचं क्यूब फीड, हे महिनाभर आधी विचारून घ्यायचं, शक्य झालं तर तेच मागवायचं नाहीतर त्याच्या जवळपासचं शोधायचं आणि घरीच हळूहळू बदली करायची.

हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू. घोड्याचा चारा पचतो तो मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या जोरावर, आणि या जंतूंना नवीन चाऱ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. भारतात घोड्याला हिरवी लसूणघास असते, आमच्या माळव्यात बरसीमपण देतात, भिजवलेला हरभरा, कोंडा, थोडी शिजवलेली अळशी, असलं सगळं. असा घोडा एकदम सुक्या टिमथी हेवर, म्हणजे तिकडच्या वाळवलेल्या गवतावर, नेऊन बांधला की चौथ्या दिवशी पोटशूळ ठरलेला. पहिल्या चार दिवसांत चौथा हिस्सा नवीन, मग अर्धा, मग पाऊण, आणि निघायच्या आधी किमान आठवडाभर पूर्ण नवीन चाऱ्यावर. लीद बघत राहा, सैल झाली किंवा वास बदलला तर दोन दिवस आहे तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही.

किती द्यायचं? घोडा ४८० किलोचा असेल तर सुकं गवत दिवसाला सात किलोच्या खाली जाऊ देऊ नका, वजनाच्या साधारण दीड टक्का. रेसच्या घोड्याला दाणा म्हणजे चंदी पाच-सात किलोपर्यंत जाते पण ती तीन-चार वेळात वाटायची, एका वेळी अडीच किलोच्या वर गेलात की पोटात पचायच्या आधीच पुढे ढकलली जाते आणि मोठ्या आतड्यात आंबते. ट्रेनर लोक चंदी वाढवायला नेहमी तयार असतात, गवत वाढवायला नाही, त्यांच्याशी या विषयावर भांडावं लागतं, भांडा. घोड्याच्या पोटात ॲसिड चोवीस तास सुटत असतं, गवत नसेल तर ते पोटाची भिंतच खातं, आणि अल्सर झालेला घोडा शेवटच्या फर्लांगात काय करतो ते रेसवाल्यांना मी सांगायला नको.

पाणी

यावर थोडं जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त मार मी इथेच खाल्लाय.

इंदूरचा माणूस बाहेरगावी गेला की पहिली तक्रार काय करतो? पाण्याची. नर्मदेच्या पाण्याची चव नाही म्हणतो. घोडा अगदी तसाच, फक्त तो तक्रार करत नाही, तो प्यायचंच बंद करतो. आमचा एक बदामी रंगाचा घोडा होता, स्वभावाने गरीब, सहा तासांच्या फ्लाइटनंतर दुपारी तिकडच्या तबेल्यात बांधला. बॉक्समध्ये भिंतीला आपोआप भरणारं पाण्याचं भांडं होतं, मी खूश, म्हटलं चला बादल्या वाहायचं काम वाचलं. संध्याकाळी बघितलं, भांडं भरलेलं. ते भरलेलंच असणार, त्याचं कामच ते! रात्री दोन वाजता झोप येईना म्हणून उठलो, त्याच्या हिरडीवर बोट दाबून सोडलं तर पांढरा डाग पटकन जाईना, खांद्याची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच उभी. दुपारपासून त्याने थेंब घेतलेला नव्हता. बादली आणून पुढे धरली तर ओठांनी पाणी नुसतं हलवलं, फुर्र केलं आणि तोंड भिंतीकडे. क्लोरीनचा वास येत होता, तो मलासुद्धा आला. सोबत एक म्हातारे राजस्थानी सईस होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे, ते काही न बोलता गेले आणि त्यांच्या चहाच्या डब्यातून गुळाचा खडा घेऊन आले. कोमट पाण्यात विरघळवला. घोड्याने तीन घोट घेतले, थांबला, परत तोंड घातलं. पहाटेपर्यंत अकरा लिटर. मी बादलीवर स्केच पेनने रेघा मारून मोजत बसलो होतो.

त्या दिवसापासून माझे नियम ठरले. निघायच्या आठ-दहा दिवस आधी घरीच प्रत्येक बादलीत थोडं गुळाचं पाणी घालायला सुरुवात करायची, इतकं की सवय त्या चवीची झाली पाहिजे, मग तिकडचं पाणी कुठलंही असो त्याला ते आपलंच वाटतं. एक बादली साधीही ठेवा, निवड त्याची त्याला करू दे. आपोआप भरणारी भांडी बंद करा किंवा झाका. बादलीला आतून लिटरच्या रेघा. विश्रांतीच्या दिवशी २५-३० लिटर, उन्हात आणि कामावर पन्नासपर्यंतही जातं, याच्या निम्म्यावर आला की धोक्याची घंटा. पाण्यात इलेक्ट्रोलाइट घालत असाल तर शेजारी साधं पाणी असलंच पाहिजे, नाहीतर खारट लागलं म्हणून तो दोन्हीकडे पाठ फिरवतो. साधं मीठ चंदीत ३०-६० ग्रॅम रोज, हे प्रवासाच्या आधीपासून चालू ठेवा, तहान आपोआप लागते.

डोपिंग: चाऱ्यातून येतं

घोड्याला मुद्दाम काही देणारे वेगळे, त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. पण न देताही सॅम्पल पॉझिटिव्ह येतं. २०१४ मध्ये इंग्लंडच्या राणीची एस्टिमेट नावाची घोडी ॲस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आली आणि तिच्या सॅम्पलमध्ये मॉर्फिन निघालं, कारण काय तर फीडमध्ये झालेली भेसळ. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या आर्क रेसमधून आयर्लंडचे ट्रेनर एडन ओब्रायन यांचे चार घोडे ऐनवेळी काढून घ्यावे लागले, तिथेही गोणीतल्या फीडमध्ये झिल्पॅटेरॉल (गुरांचं मांस वाढवायचं औषध) सापडलं होतं. जपानचा डीप इम्पॅक्ट २००६ ला त्याच आर्कमध्ये तिसरा आला आणि नंतर बाद झाला, खोकल्यासाठी वाफेतून दिलेलं औषध उडून तबेल्यातल्या गवतावर पडलं आणि तेच गवत त्याने खाल्लं असा खुलासा झाला. म्हणजे बघा, औषध बंद करून उपयोग नाही, औषधाच्या आसपासचं गवत आणि बेडिंगही उचलून फेकायला हवं.

आता आपल्या घरातल्या गोष्टी. खसखस नाही, त्यातूनही मॉर्फिन येतं, म्हणजे खसखस पडलेला लाडूसुद्धा नाही. चहा-कॉफी-चॉकलेट नाही, कॅफीन आणि कोकोतलं थिओब्रोमीन दोन्ही पकडलं जातं, तुमच्या चहाच्या कपातला उरलेला घोट घोड्याच्या बादलीत ओतायची सवय असेल तर आजच सोडा (हे मी हजार वेळा बघितलंय, सईस लोकांना वाटतं लाड करतोय). मिरचीतलं कॅप्सेसिन पण बंदी असलेलं आहे, २००८ ला हाँगकाँगमध्ये चार जंपिंग घोडे त्यावरूनच अडकले, म्हणून मिरची लागलेल्या हाताने घोड्याच्या पायाला मालिश नको. गवतात धोत्र्याचं पान किंवा बोंड आलं तर सॅम्पलमध्ये ॲट्रोपीन निघतं, तेही बंदीचंच, लसूणघासीत धोत्रा उगवतोच, गठ्ठा सोडून हाताने निवडावा लागतो. आणि घरून कोणी वैद्याचं चूर्ण, भस्म, ताकदीचं टॉनिक दिलं तर नम्रपणे परत करा. ‘फार लॅप’ नावाच्या घोड्याचं उदाहरण सगळ्या जगाला माहीत आहे, न्यूझीलंडात जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियात गाजलेला हा घोडा १९३२ च्या मार्चमध्ये मेक्सिकोतल्या आगुआ कालिएन्तेची रेस जिंकला आणि पंधराएक दिवसांत कॅलिफोर्नियात मेला, सत्तरेक वर्षांनी त्याच्या केसांची तपासणी झाली तेव्हा मरायच्या एक-दोन दिवस आधी मोठा आर्सेनिकचा डोस गेल्याचं दिसलं. त्या काळी टॉनिकमध्ये आर्सेनिक सर्रास असायचं. ते कोणी दिलं यावर लोक अजून भांडतायत.

प्रत्येक गोणीतून दोन मुठी झिपच्या पिशवीत काढून, तारीख आणि बॅच नंबर लिहून, रेसचा रिपोर्ट येईपर्यंत जपून ठेवा. कटकट वाटते, पण उद्या बोट तुमच्याकडे वळलं तर तीच पिशवी कामाला येईल.

आदला दिवस आणि फ्लाइट

आदल्या दिवशी चंदी निम्मी, निघायच्या बारा तास आधीपासून बंद, फक्त गवत. गवत पाण्यात बुडवून निथळून द्या, धूळ बसते आणि पोटात पाणीही जातं. दहा-पंधरा मिनिटं पुरे, उन्हाळ्यात तासन्‌तास भिजवलेलं गवत आंबतं.

स्टॉलमध्ये घोड्याचं डोकं बांधलेलं असतं, मान खाली घालता येत नाही, आणि घोडा मान खाली घातल्याशिवाय श्वासनळीतला कफ-घाण बाहेर काढू शकत नाही. तास वाढत जातात तसे जंतू फुप्फुसाकडे उतरतात, यालाच शिपिंग फीव्हर म्हणतात, आणि पुढे प्लुरोन्यूमोनिया (फुप्फुस आणि त्याच्या आवरणाचा संसर्ग) झाला तर रेस सोडाच, जीवही जातो. म्हणून दोर शक्य तितका सैल, हेनेट म्हणजे गवताची जाळी उंच टांगायची नाही, छातीच्या पातळीला, आणि फ्लाइट ग्रूमची (विमानात घोड्यांसोबत जाणारा माणूस) परवानगी असेल तेव्हा मान जितकी खाली घालता येईल तितकी घालू द्यायची. रस्त्याने नेताना दर चार-पाच तासांनी गाडी थांबवून अर्धा तास मान जमिनीपर्यंत जाऊ द्या, गवत जमिनीवरच टाका. पाणी दर तीन-चार तासांनी पुढे धरायचं, प्यायला नाही तरी धरायचं. लघवी अडवून धरणारे घोडे असतात, विशेषतः खच्ची केलेले, तिथे आपली जुनी युक्ती चालते, हळू शिट्टी वाजवा, पायाखाली थोडा पेंढा सरकवा. परदेशी ग्रूम हसतात आधी, नंतर तेच शिट्टी शिकून घेतात.

टेकऑफ-लँडिंगला घोड्यासमोर गवत ठेवा, चावत राहिला की शांत राहतो. झूल जाड नको, मालवाहू विमानात हवा मुद्दाम थंड ठेवतात पण तीन घोड्यांच्या अंगाची ऊब बरीच असते, झुलीखाली घाम फुटला तर पाणी अजून जातं.

पहिले तीन दिवस, नवा तबेला

उतरल्यावर आधी वजन. लांबच्या प्रवासात दहा-पंधरा किलो, कधी वीसही उतरतं, त्यातलं बहुतेक पाणी आणि पोटातला माल असतो, दोन-तीन दिवसांत परत यायला पाहिजे. आलं नाही तर जोरात काम सुरू करू नका, कोण काय म्हणतंय याकडे लक्ष न देता.

बॉक्स ताब्यात घ्यायच्या आधी एक टेस्ट करा. आत जा, उकिडवे बसा, म्हणजे तुमचं नाक घोड्याच्या खाली गेलेल्या नाकाच्या उंचीवर येईल, आणि पाच मिनिटं तसेच बसून राहा. उभ्याने कळत नाही पण खाली डोळे चुरचुरले तर तिथे अमोनिया आहे, रात्रभर घोडा तेच ओढणार. सगळं बेडिंग काढायला लावा, फरशी धुवा, वाळू द्या, मग नवीन. बेडिंग शक्यतो कागदाचं किंवा धूळ काढलेल्या लाकडी भुशाचं, गव्हाचा पेंढा दिलात तर काही खादाड घोडे अख्खं बेडिंगच खाऊन टाकतात आणि तुमचा सगळा फीड चार्ट वाया. बारा बाय बारा फूट ही साधारण मापाची खोली, त्याहून लहान असेल तर भांडून बदलून घ्या. वरची खिडकी उघडी हवी, झोत अंगावर नको. दिसेल असा एक तरी शेजारी घोडा हवा, आणि तो स्टॅलियन, म्हणजे खच्ची न केलेला नर, नसला तर फारच छान.

क्वारंटाइनच्या तबेल्यात नियम पाळाच. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न कपच्या रेसला बाहेरून येणारे घोडे मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या सेंटरमध्ये चौदा दिवस बंद राहतात, त्याआधी निघायच्या देशातही चौदा दिवस, म्हणजे जवळजवळ महिना घोडा ठराविक लोकांशिवाय कोणालाही भेटत नाही. १९९३ ला आयर्लंडहून जाऊन व्हिंटेज क्रॉप तो कप जिंकला तेव्हा लोकांना कळलं की एवढं सगळं सोसूनही घोडा पळू शकतो (त्याचे ट्रेनर डर्मट वेल्ड स्वतः व्हेट, हे मला आपलं उगाच बरं वाटतं). खरारा, बादल्या, तोबरा, सगळं फक्त आपल्या घोड्याचं, शेजाऱ्याला उधार द्यायचं नाही आणि आणायचंही नाही.

ताप दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, वहीत. १०१.५ फॅरेनहाइटच्या वर गेला तर उद्या बघू म्हणू नका, शिपिंग फीव्हर उतरल्यावर तीन-चार दिवसांनीही डोकं वर काढतो. ताप नसेल पण चारा सोडला, मान खाली ठेवून उभा राहिला, छाती हाताने दाबली की अंग चोरतो, तरीही व्हेटला बोलवा.

पहिल्या दिवशी चंदी नाही. पाणी नीट प्यायला, दोन-तीनदा व्यवस्थित लीद केली, मगच नेहमीच्या पाव भागाने सुरू आणि तीन-चार दिवसांत पूर्ण. हातात दोर धरून चालवा, गवत असेल तर चरायला सोडा, मान खाली राहते आणि मनही लागतं. वेळेचा फरक मोठा असेल तर मी निघायच्या चार-पाच दिवस आधीपासून फीडची वेळ अर्धा-अर्धा तास सरकवतो आणि तिकडे पोचल्यावर तिकडचं घड्याळ, रात्री दिवे बंद. काही लोक रात्रभर ट्यूबलाइट लावून ठेवतात, का ते त्यांनाच माहीत.

रेसच्या दिवशी

शेवटची चंदी रेसच्या किमान चार तास आधी, लहान. सकाळी मूठ-दोन मूठ गवत द्याच, पोट रिकामं नको. पाणी काढून घेऊ नका, जुने लोक काढून घ्यायला सांगतात पण उपाशी-तहानलेला घोडा पळत नाही. रेसनंतर चालवत चालवत थोडं थोडं पाणी, श्वास बसला की गवत, आणि चंदी रात्री उशिरा, तीही अर्धीच.

परतीच्या प्रवासाला हेच सगळं उलट क्रमाने, पण लोक तिथे ढिले पडतात, रेस झाली ना आता, असं म्हणून. आमचा एक घोडा जाताना ठणठणीत गेला आणि परत आल्यावर पाचव्या दिवशी पोटशूळाने लोळला, कारण घरी आल्या आल्या कोणीतरी प्रेमाने हिरव्या लसूणघासीचा भारा पुढे टाकला होता. त्या रात्री सहा तास त्याला चालवत होतो, चाचा पुढे दोर धरून आणि मी मागे टॉर्च घेऊन, पहाटे साडेचारला त्याने लीद केली तेव्हा आम्ही दोघं तिथेच खाली बसलो.

घरीही पुन्हा तीन आठवडे. पाव, अर्धा, पाऊण.